बेटाच्या तलावातली हाक

१

कमलाकांत राजूरकर वकील सकाळी विहिरीवर आला की सगळ्या आळीला कळायचं. रहाट करकरायचा, बादली आपटायची, आणि अंगावर पाणी ओतता ओतता हा गृहस्थ कालच्या खटल्याची उलटतपासणी पुन्हा एकदा घ्यायचा. समोर साक्षीदार नसायचा, न्यायाधीश नसायचा. चुलीपाशी चहाचं आधण ठेवून बसलेली त्याची बायको सिंधू तेवढी असायची. "सांग, आता याच्यावर तो काय उत्तर देणार?" तो बाहेरून ओरडायचा. सिंधू आतून म्हणायची, "काही नाही देणार." मग तो खूश होऊन आणखी एक बादली ओतायचा. हा रोजचा रतीब होता.

सिंधू शाळामास्तरांची मुलगी, मॅट्रिक झालेली. कशाला उगीच घाबरणारी नव्हती आणि कशाने फार हरखणारीही नव्हती. पण अमरावतीच्या या घरात आपल्याशी बोलणारं माणूस एकच आहे, हे तिला लग्नानंतर लवकरच कळून चुकलं होतं. सासूबाई गोदावरीबाई सोवळ्याओवळ्यात गुंतलेल्या. त्यांना बोलायला देव पुरत. मूलबाळ अजून नव्हतं. कमलाकांत कोर्टात गेला की घर गप्प व्हायचं, आणि संध्याकाळी तो परत आला की घराला तोंड फुटायचं.

त्या वर्षी दिवाळीनंतर भातकुलीकडच्या खुशालरावांचा धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा, खटला त्याने जिंकून दिला. खुशालराव जमीनजुमला राखून असलेला मोकळाढाकळा माणूस. त्यांनी घरी येऊनच आमंत्रण दिलं. "वकीलसाहेब, कार्तिक चालू हाये. आवळीभोजन आमच्याकडं. बेटाच्या तलावावर रोडगे लावतो. बाईसाहेबाइले घेऊन या."

सासूबाई म्हणाल्या, "मी काही डोंग्यात बसायची नाही. तुम्ही दोघं जा." आणि त्या घरी राहिल्या. पुढे सिंधूला हीच गोष्ट पुन्हा पुन्हा आठवायची. त्या आल्या असत्या तर सगळं निराळं झालं असतं.

२

बेटाचा तलाव म्हणजे इंग्रजी अमदानीत दुष्काळी कामावर बांधलेला जुना तलाव. मधोमध एक टेकाड बुडायचं राहिलं होतं. त्याच्यावर आवळीची दोन-चार झाडं, थोडं गवत आणि सपाट खडक. कार्तिकातलं पाणी काठोकाठ होतं, वर वाऱ्याची रेघ नव्हती.

चंद्रभान भोयाने दोन-तीन फेऱ्या करून सगळ्यांना डोंग्यातून बेटावर नेलं. गोवऱ्या पेटल्या, कणकेचे रोडगे निखाऱ्यात पुरले गेले, वांग्याची भाजी रटरटू लागली. खुशालरावांचे पुतणे खडकावरून धडाधड उड्या टाकत होते. ज्यांना पोहता येत नव्हतं ते पाठीला रिकामे डबे बांधून काठाकाठाने हातपाय मारत होते. बायकांना चंद्रभान बेटाभोवती चक्कर मारून आणत होता. खुशालरावांची बायको मैनाबाई देहाने दणकट. ती बसली की डोंगा एका बाजूला कलायचा आणि सगळ्या किंचाळायच्या. सिंधूही हसली. आपल्याला एवढं हसता येतं याचं तिला नवल वाटलं.

कमलाकांतने मात्र आपलं खास हत्यार आणलं होतं. नौदलातल्या मावसभावाने कोचीनहून त्याला पाण्यात बघायचा रबरी चष्मा पाठवला होता. नाकासकट अर्धं तोंड झाकणारी काच, आणि दातात धरायची एक वाकडी नळी. नळीचं टोक पाण्याच्या वर ठेवायचं, तोंड खाली घालायचं आणि श्वास घेत पोहायचं.

"हे काय घालून राहिले, वकीलसाहेब?" खुशालराव म्हणाले. "गणपतीची सोंड उलटी बसली तुमाले!"

"या सोंडेतून तळ दिसतो, खुशालराव. तुमच्या धुऱ्याचे दगडसुद्धा दिसतील."

तो पाण्यात उतरला. उघडं अंग, धोतराचा कासोटा, डाव्या खांद्यावरून जानवं. पाण्यावर पालथा पडून तो हळूहळू पुढे सरकू लागला. नळीतून त्याचा श्वास ऐकू येत होता. फूस, फूस. मधूनच तो डोकं वर काढायचा आणि ओरडायचा, "अगं, खाली झाडं उभी आहेत! जशीच्या तशी!"

"मालक, तिकडं खोल हाये," चंद्रभान डोंग्यातून म्हणाला. "बाभळी हायेत बुडाल्या. काठानं राहा."

"एका झाडापर्यंत जाऊन येतो," कमलाकांत म्हणाला, आणि त्याने पुन्हा तोंड खाली घातलं.

३

सिंधू आवळीखाली पत्रावळी मांडत होती. कानाला नळीचा आवाज इतका सवयीचा झाला होता, की तो थांबल्यावरच तो चालू होता हे तिच्या लक्षात आलं.

तिने वर पाहिलं. पाणी सपाट होतं. नळी दिसत नव्हती.

कुणी फारसं घाबरलं नाही आधी. "बुडी मारली असंन," एक पुतण्या म्हणाला. बराच वेळ गेला. मग खुशालराव उठून काठाशी गेले आणि त्यांनी तोंडाशी हात धरून हाक दिली, "वकीलसाहेब! ओ वकीलसाहेब!" पुतणेही ओरडू लागले, "वकीलसाहेब!" चंद्रभानने डोंगा त्या बाजूला घातला आणि वाकून पाण्यात पाहत तो म्हणत राहिला, "मालक! ओ मालक!"

त्या बेटावर वीस-पंचवीस माणसं असतील. त्यातल्या एकाच्याही तोंडून कमलाकांतचं नाव निघालं नाही. निघणार तरी कसं? अशिलाने वकिलाला नावाने हाक मारायची नसते, भोयाने मालकाला नाही, आणि बायकोने नवऱ्याला तर नाहीच नाही.

सिंधू गुडघाभर पाण्यात उतरली होती. नाव तिच्या जिभेवर आलं, पण जीभ वळली नाही. उखाण्यात घेतलं होतं तेवढंच, तेही खालमानेने. ती ओरडली, "अहो!" मग पुन्हा, "अहो! ऐकलं का? अहो!" तिचा आवाज पाण्यावरून पलीकडच्या बांधापर्यंत गेला आणि परत आला.

आणि तिच्यामागून, बेटाच्या पार दुसऱ्या बाजूने, नळीतला श्वास ऐकू आला. फूस. फूस.

सगळे तिकडे धावले. तो कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. चष्मा तोंडावर, नळी दातात. कुणाकडे बघत नव्हता, सिंधूकडे बघत होता. पुतण्यांनी त्याला हाताला धरून वर घेतलं, पाठीवर थापा मारल्या, खुशालराव डोळे पुसत हसले. "जीव काढला नं राव आमचा!" एकच गलका झाला.

सिंधूने पदराने त्याचं अंग पुसायला घेतलं. तेव्हा तिने पाहिलं, जानवं उजव्या खांद्यावर होतं.

जानवं उजव्या खांद्यावर घेतात ते श्राद्धाच्या दिवशी. मेलेल्यांना पाणी द्यायचं असतं तेव्हा. पाण्यात सरकलं असेल, तिने मनात म्हटलं. ओला दोरा, हातापायांची झटापट. सरकायचंच. तिने ते सरळ केलं. त्याने करू दिलं.

खरं म्हणजे या क्षणी तिला रडू यायला हवं होतं, किंवा हायसं वाटायला हवं होतं. दोन्ही झालं नाही. आतून सगळं बधिर झालं होतं. रोडगा मोडून तुपात कालवताना आपली बोटं भाजतायत हेही तिला मैनाबाईने सांगितलं तेव्हा कळलं.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी रहाट करकरला, बादली आपटली. सिंधू चुलीपाशी बसून वाट पाहत राहिली. पाण्याचा आवाज आला, पण उलटतपासणी आली नाही.

दमला असेल, तिने मनाशी म्हटलं. घाबरला असेल. मोठा माणूस घाबरला की सांगत नाही, गप्प बसतो. याला उत्तर होतं. तो विहिरीवरून आत आला तेव्हा जानवं पुन्हा उजव्या खांद्यावर होतं, त्याला मात्र उत्तर नव्हतं.

गोदावरीबाईंनी ते पाहिलं आणि त्यांच्या हातातली फुलांची परडी कलंडली. "अरे, हे काय? सव्य कर ते! घरात कुणी गेलंय का?" तो तसाच उभा. "कमलाकांत!" त्या म्हणाल्या. "अरे कमलाकांत!" तो झोपाळ्यावर जाऊन बसला, जणू शेजारच्या घरात कुणी कुणाला तरी बोलावत होतं.

"अहो," सिंधू हळूच म्हणाली, "आई काय म्हणतायत?"

तो लगेच वळला. जानवं सरळ केलं. मग तिच्याकडे बघत राहिला, आणखी काही सांगणार का म्हणून.

दिवस असे जाऊ लागले. तो कोर्टात जाईना. पक्षकार येत, "वकीलसाहेब" म्हणून बोलत. त्यांच्याकडे तो बघायचा, मान डोलवायचा. नावाने हाक मारणारे दोघंच, आई आणि शेजारचे मोरोपंत. त्या नावाकडे त्याचं लक्षच नसायचं. पानावर बसायचा आणि चार घास खाऊन उठायचा. आणि रात्री सिंधूला शेजारून त्याचा श्वास ऐकू यायचा. तो नाकातून येत नव्हता. लांबून, पोकळ, कशाच्या तरी आतून आल्यासारखा यायचा. रबरी चष्मा आणि नळी तिने आवळीभोजनाच्याच दिवशी फडताळात कुलूप लावून ठेवली होती. एकदा उठून तिने ती तिथेच आहे ना हे पाहिलंसुद्धा. होती. कोरडी होती.

ती भिऊन ओरडली नाही. भीती वाटायला आत काहीतरी जागं लागतं. ती परत येऊन पडली आणि पहाटे उठून चूल पेटवली.

५

मोरोपंतांनी अकोल्याच्या कानाच्या डॉक्टरांचं नाव सुचवलं. "पाण्याच्या दाबाने पडदा फाटला असणार. दुसरं काय?" सिंधूला हे फार पटलं. पडदा फाटला असेल तर बहिरेपणा, बहिरेपणा असेल तर गप्पपणा. सगळं जुळत होतं. बडनेऱ्याहून गाडी धरून ती त्याला अकोल्याला घेऊन गेली. वाटेत तो खिडकीबाहेर बघत होता. बोरगावच्या पुढे एक ओढा लागला, तेव्हा मात्र त्याने तोंड आत वळवलं.

डॉक्टर म्हातारे, हसरे होते. त्यांनी बत्ती लावून दोन्ही कान पाहिले. "पडदे शाबूत आहेत," ते म्हणाले. त्यांनी त्याच्या पाठीमागे उभं राहून टाळी वाजवली. तो वळला. घड्याळ कानापासून लांब नेलं. तो बोट वर करून ऐकू येतंय म्हणून खूण करत राहिला. मग डॉक्टर सहज म्हणाले, "कमलाकांतराव." काही नाही. "राजूरकर." काही नाही. त्यांनी आवाज चढवला. दाराबाहेरची नर्स डोकावून गेली. तो भिंतीकडे बघत होता.

"तुम्ही बोलवा बरं," डॉक्टर सिंधूला म्हणाले.

ती दाराशी होती. ओठातल्या ओठात म्हणाली, "अहो." तिचं तिलाही नीट ऐकू आलं नाही.

तो खुर्चीतून उठून तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण त्याच्यामागे काही नव्हतं. त्यांनी कानात घालायचे थेंब दिले. पैसे घेतले नाहीत. "यांना पाण्याजवळ नेऊ नका," एवढंच ते म्हणाले, आणि का म्हणाले ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

६

मार्गशीर्ष लागल्यावर मैनाबाई तुरीच्या शेंगा घेऊन भेटायला आली. स्वयंपाकघरात बसून दोघी शेंगा सोलू लागल्या. बाहेर झोपाळ्याची कडी वाजत होती.

"तुमी जेवून नाही राहिल्या का, बाई? हाडं निंगाले."

सिंधूने सगळं सांगितलं. जानवं, नाव, श्वास. इतक्या सपाट आवाजात, की कुणा दुसऱ्याच्या घरचं सांगावं. मैनाबाईचे हात थांबले.

"तुमी त्या दिशी त्याइचं नाव नाही घेतलं," ती म्हणाली. "मी तवाच मनलं यजमानाले. आमच्याकडं पाण्यात कोनी गडप झालं तं नाव घेऊनच हाक मारतेत. नवऱ्याचं असलं तरी. तवा लाज धरा लागत नाही."

"नाव नाही घेतलं तर काय होतं?"

"मले काय मालूम?" मैनाबाईने शेंग सोलली. "जो आयकते तो येते."

सिंधूने हातातली शेंग खाली ठेवली. ही अडाणी समजूत आहे हे तिला कळत होतं. पण त्याच वेळी हेही कळत होतं, की आपला माणूस अजून तिथेच आहे, आणि आपण त्याला अजून एकदाही बोलावलेलं नाही. कित्येक दिवसांत पहिल्यांदा तिच्या आत काहीतरी हललं. ते दुखलं.

"उद्या दमणी पाठवाल का?" तिने विचारलं.

७

दुपारचं जेवण आटोपून ती निघाली. बैलांची दमणी दारात उभी होती. "जाऊन येते," ती सासूबाईंना म्हणाली. झोपाळा थांबला. तो उठला, वहाणा घातल्या आणि तिच्या आधी दमणीत जाऊन बसला. कुठे जायचं ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

त्याला खाली उतरा म्हणायला हवं होतं. तिने "अहो" म्हटलं असतं तर तो उतरलाही असता. पण तो शब्द तिला आता उच्चारवेना. चालू दे, तिने ठरवलं. असला बरोबर तर काय बिघडलं?

तलावाच्या बांधावर मैनाबाई वाट पाहत होती. दमणीत त्याला पाहून तिचा चेहरा उतरला. "याइले कावून आनलं?"

"आलेच."

मैनाबाई डोंग्यात बसली नाही. चंद्रभानने दोघांना घेतलं. सिंधू पुढे, तो मागे, टोकाला चंद्रभान वल्ह्यावर. चंद्रभान सबंध वेळ पलीकडच्या काठाकडे बघत होता. पाणी उतरलं होतं. बेटाचा खडक आता जास्त उघडा पडला होता आणि त्यावर रोडग्यांची जुनी राख दिसत होती. जिथे नळी दिसेनाशी झाली होती तिथे डोंगा थांबला.

सिंधू ओणवी झाली. खाली हिरवट अंधार होता आणि त्यात बाभळींचे शेंडे. लहान मासे फांद्यांमधून जात होते. दुसरं काही नाही. ती तोंड उघडून बसून राहिली. साधं नाव. सासूबाई ते रोज घेत होत्या. पिढ्यान्‌पिढ्यांच्या बायकांनी गिळलेली नावं एकदम त्याच्या वाटेत येऊन बसली होती. शेवटी ते निघालं ते नुसत्या वाऱ्यासारखं. "कमलाकांत."

बाभळीच्या खोडामागून काहीतरी पुढे आलं.

आधी तिला वाटलं, आपलंच प्रतिबिंब. मग ते वर येत गेलं. उघडी छाती. डाव्या खांद्यावरून आलेलं जानवं पाण्यात तरंगत होतं. चेहरा होता. तो बोलत होता. ओठ भराभर हलत होते, न थांबता, रोज सकाळी विहिरीवर हलायचे तसे. किती दिवस तो तिथे असा बोलत होता, आणि ऐकायला कुणी नव्हतं.

तिने खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला. त्यानेही हात वर केला. बोटांना काहीतरी लागलं, गार, पण ओळखीचं. ती जीव काढून ओरडली, सगळ्या तलावाला ऐकू जाईल अशी. "कमलाकांत!"

"ओ," तिच्या मागून आवाज आला.

खणखणीत आवाज. नेहमीचा. "ओ! अगं, काय आहे एवढं?"

पाण्यातले ओठ हलायचे थांबले. ते डोळे तिच्या खांद्यावरून मागे पाहत होते. मग बोटं सुटली. तिने सोडली नव्हती. तो खाली जाताना घाईत नव्हता, धडपडत नव्हता. आपलं काम संपलेला माणूस कोर्टाच्या पायऱ्या उतरतो तसा एकेक फांदी मागे टाकत गेला, आणि मग नुसती झाडं राहिली.

"पडशील ना," मागचा आवाज म्हणाला. एका हाताने तिचा दंड धरून त्याने तिला डोंग्यात ओढून घेतलं. "चंद्रभान, चल रे बाबा परत. बाईसाहेबांना ऊन लागलंय."

चंद्रभानने वल्हं मारलं. तो रडत होता, पण त्याने मान वळवली नाही.

सिंधू ओल्या हाताकडे बघत बसली. तो माणूस नावाविना होता तोवर काही आशा होती. आपला नवरा परत येण्याची एकच वाट होती, आणि ती आपणच, स्वतःच्या तोंडाने, याला देऊन टाकली. हे तिला अगदी स्वच्छ कळलं. कळलं तरी वाटलं काहीच नाही.

८

संध्याकाळी गोदावरीबाईंनी देवघरातून सवयीने हाक मारली, "कमलाकांत, दिवा लावायचा रे."

"आलो, आई!"

म्हातारी समई तशीच टाकून बाहेर धावली. त्याच्या तोंडावरून हात फिरवून तिने कानशिलांवर बोटं मोडली. जानवं डाव्या खांद्यावर होतं. मोरोपंत आले, तर त्यांना त्याने दोन खटल्यांची हकिकत ऐकवली. अकोल्याच्या डॉक्टरांच्या थेंबांची सगळ्यांनी वाखाणणी केली. गोदावरीबाई म्हणाल्या, "सूनबाई, आज गोडाचं कर काहीतरी. माझा मुलगा घरी आला."

सिंधूने शिरा केला. पाट मांडला, पाणी ठेवलं, पान वाढलं. तो बसला, चित्राहुती घातल्या आणि जेवू लागला. भात संपला, तिने पुन्हा वाढला. तोही संपला. पोळ्यांचा डबा रिकामा झाला. सासूबाई कौतुकाने बघत होत्या. किती दिवसांचा उपाशी ग माझा बाळ.

सिंधू शिऱ्याचं पातेलं घेऊन पुढे आली.

"आणखी हवं?" तिने विचारलं.

"वाढ," तो म्हणाला.

तिने वाढलं.